पाण्याचा काटा, तेलाचा काटा

सोलापूर, गुरुवार, ता. १० मे १९३४

काल जे घडले ते असे.

१. आबासाहेबांची दोन आसनी विलायती स्पोर्ट्स मोटार सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या कारखान्यातून टेंभुर्णीच्या रस्त्याला लागली. सावलीत हवेचे तापमान १०१ फॅरनहाइट.
२. चालवणारा आमच्या कारखान्यातला गडी सिद्धनाथ. एकटा. शेजारच्या जागेवर पाटी बांधली होती.
३. दर पाच मैलांना गती कमी करून पाटीवर दोन आकडे लिहायचे होते. आधी पाण्याचा, मग इंजिनातल्या तेलाचा.
४. पंचविसाव्या मैलापर्यंत दोन्ही आकडे ठीक. पुढे पाण्याचा काटा उतरू लागला.
५. मोडनिंबच्या अलीकडे, एक्केचाळिसाव्या मैलाला, गाडी थांबली.
६. सिद्धनाथने रेडिएटरचे झाकण उघडले. आतून वाफ आणि उकळते पाणी उसळले. उजवा डोळा, उजवा गाल आणि उजवा हात भाजला.
७. इंजिन जाम झाले आहे. हँडलने फिरत नाही.
८. सिद्धनाथ सरकारी दवाखान्यात आहे. गाडी मालमोटारीला बांधून ओढत आणली.
९. मी त्या वेळी कारखान्यात होते.

शुक्रवार, ता. ११ मे

आबासाहेब सकाळीच आले. माढ्याकडचे जमीनदार, वय तिशीच्या आत, बूट कायम चकचकीत. पुढच्या महिन्यात पुण्याला मोटारींची शर्यत आहे, तिच्यासाठी त्यांनी गाडी आमच्याकडे दिली होती. त्यांची अडचण एकच होती. मोहोळ आले की गाडी उकळायची. या इंजिनात पाणी फिरवायला पंप नाही. पाणी तापून स्वतः वर चढते, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरते. विलायतेत ते पुरते, सोलापूरच्या वैशाखात पुरत नाही. शिवाय आबासाहेबांचा हट्ट की तेल शर्यतीचेच हवे, एरंडेलाचे. ते थंड असताना काकवीसारखे असते आणि फार तापले की पाण्यासारखे. म्हणून मी मुंबईहून तापमान दाखवणाऱ्या दोन तबकड्या मागवून बसवल्या. एक पाण्याची, एक तेलाची. पन्नास मैल न उकळता गेली की गाडी शर्यतीला तयार.

आबासाहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. वास घेतला. रुमाल नाकाला लावला.

“मिस्त्री, हे कसं झालं?”

माझे वडील, अप्पा, टोपी हातात घेऊन उभे होते. “काय सांगू, सायेब. गडी अडाणी. मेंढरामागनं उठून आलेला. काटा वाचता आला न्हाय त्याला.”

“मेंढरं हाकणाऱ्याच्या हातात माझी गाडी दिली तुम्ही?”

“चुकलं, सायेब.”

मग ते माझ्याकडे वळले. “आणि तुम्ही? पुण्याहून बीएस्सी होऊन आलात म्हणे. तुमच्या तबकड्या बरोबर होत्या ना?”

“तबकड्या बरोबर होत्या,” मी म्हणाले.

हे वाक्य खरे आहे. दोन्ही तबकड्या मी स्वतः उकळत्या पाण्यात घालून तपासल्या होत्या. सोलापुरात पाणी २१२ ला उकळत नाही, गाव उंचावर असल्याने २०९ ला उकळते. ती दुरुस्तीही मी केली होती.

जाताना आबासाहेब म्हणाले की सोलापूरपासून पुण्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात या माणसाला स्टिअरिंगला हात लावू देणार नाहीत, हे मी बघतो. अप्पांनी मान हलवली. मी पाटी पुसली जाऊ नये म्हणून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

रविवार, ता. १३ मे

माझी आई, अव्वा, हिच्याबरोबर दवाखान्यात गेले. पुरुषांचा वॉर्ड असल्याने दारातच उभी राहिले. त्याची आई, केराबाई, खाटेजवळ जमिनीवर बसून पदराने वारा घालत होती. परवा गावाहून आली. सांगोल्याच्या पुढे त्यांची वाडी आहे.

त्याचे डोके, डोळे, उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत होते. पावलांच्या आवाजाने त्याने मान वळवली.

“कोण हाय?”

“मी.”

“बाई व्हय.” त्याने डाव्या हाताने चादर सारखी केली. “बसा की. न्हाय, बसाया हितं काय न्हाय. हुबंच ऱ्हावा.”

केराबाई म्हणाली, “डागतर म्हनला उजवा डोळा गेला. डावा ऱ्हाईल.”

“निम्मं त्वांड ऱ्हायलंय आये,” तो म्हणाला. “तेवढ्यावर एखादी निम्मी बायकू मिळंल की.”

केराबाई हसली आणि तोंडात पदर घातला. अव्वाही हसली.

मी म्हणाले, “बोलू नका. जखम ताणली जाते.”

“बरं बाई,” तो म्हणाला, आणि बोलला नाही.

परतताना अव्वा टांग्यात म्हणाली, “पोरगा चांगला होता गं.” मी म्हणाले, आहे. होता नव्हे.

बुधवार, ता. १६ मे

केराबाई त्याला घेऊन गावी गेली. कुर्डुवाडीवरून जाणारी आगगाडी. ती मोडनिंबला थांबते.

जाण्याआधी केराबाई एकटीच कारखान्यात आली. अप्पा बाजारात गेले होते. तिने कमरेच्या पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला.

“लेक म्हनला, ह्यो बाईच्याच हातात दे. मिस्त्रीला न्हाय, आबासाहेबाला न्हाय, कुनाला न्हाय.”

“आणखी काय म्हणाला?”

“जाळून टाका म्हनला.”

तो कागद माझाच आहे, निघण्याआधी मी सिद्धनाथला दिलेला पाण्याच्या काट्याचा नियम. पाण्याचे डाग पडले आहेत, अक्षर शाबूत आहे. त्याला तो परत का पाठवावासा वाटला ते कळले नाही. जाळलेला नाही.

नक्कल येथे करून ठेवते. सिद्धनाथला अक्षरे येत नाहीत, तबकडीवरचे इंग्रजी आकडे मी शिकवले होते, म्हणून खुणा आहेत:

200 ↑ उभा हात (थांबा)
↓ चाक (चालू ठेवा)
170 च्या खाली, उघडे झाकण (झाकण काढून पाणी भरता येईल)

खाली माझी सही आहे. सहीची गरज नव्हती. त्याने मागितली होती.

गुरुवार, ता. १७ मे

१० तारखेच्या टिपणात एक गोष्ट लिहिलेली नाही. ती आता लिहिते, कारण टिपण पूर्ण असावे.

खरे तर चालकाशेजारी, पाटीच्या जागेवर, मी बसणार होते. दोन काटे वाचायचे, वेळ टिपायची आणि रस्ता बघायचा, हे एका माणसाचे काम नव्हे. अप्पा म्हणाले, “गावातनं गड्याशेजारी उघड्या गाडीत बसून जाणार? अक्कलकोटची माणसं येत्या महिन्यात सुपारी फोडायला येणार हायेत, ठाऊक हाय न्हवं?” मी वाद घातला नाही. पाटी बांधली आणि नियम तीन ओळींत बसवला. तीन ओळींत जे बसत नव्हते ते सोडून दिले.

सिद्धनाथने कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

“बाई, ह्यो बाण खाली गेला की चाक. म्हंजी गार हुतंय म्हनून चाल, असंच की?”

“हो.”

“मेंढरू लई तापलं न्हवं, की आधी कान गार पडत्यात त्याचं. हात लावला तर वाटतंय, बरं झालं, निवलं. ते निवल्यालं नसतंय. ते चाललेलं असतंय.”

मी म्हणाले, “यंत्राला कान नसतात.”

तो हसला. “तुमी म्हनता तर नसतील.” मग कागद घडी करून डाव्या खिशात ठेवला. “तुमचं लिव्हलेलं हाय, तसंच करतो.”

तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती.

रविवार, ता. २० मे

सुट्टीचा दिवस. कारखान्यात कोणी नव्हते. गाडीचा रेडिएटर उतरवून खांबाला टांगला. इंजिनाच्या जागी पत्र्याचा डबा, खाली स्टोव्ह. रस्त्यावरच्या वाऱ्याऐवजी लोहाराचा भाता. भाता मी पायाने मारला.

पाणी भरलेले असताना: वरच्या टाकीत १९५, डब्यात १९९. पाणी फिरते आहे.

मग खालच्या रबरी नळीतून थोडे थोडे पाणी काढले. वरच्या नळीच्या तोंडाखाली पातळी गेली त्या क्षणी पाणी फिरायचे थांबले. वरची टाकी रिकामी, भात्याच्या वाऱ्याने गार. काटा उतरू लागला. अकराव्या मिनिटाला १५४. त्याच वेळी डब्यातले पाणी खळाखळा उकळत होते.

भाता थांबवला. झाकणाला काठी लावून लांबून ढकलले. वाफ छपरापर्यंत गेली.

म्हणजे: काटा उतरला तो गाडी गार झाली म्हणून नव्हे. काट्याला जोडलेल्या नळीचे टोक पाण्यात राहिले नव्हते. ते हवेचे तापमान सांगत होते, आणि ते बरोबर सांगत होते.

पाणी का गेले तेही सापडले. वाफ बाहेर जाण्याची बारीक नळी आमच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याच्या चुन्याने बंद झाली होती. वाफेने कोंडून खालच्या सांध्यातून पाणी बाहेर ढकलले. ही नळी मी तपासली नव्हती.

पाटी पुन्हा पाहिली. गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे, पाटी डावीकडे. त्यामुळे त्याने सगळे आकडे डाव्या हाताने लिहिले आहेत. तिरपे आहेत, पण एकही चुकीचा नाही. पंचविसावा मैल, पाणी १९६, तेल १९०. तिसावा, १८८ आणि २०४. पस्तिसावा, १७१ आणि २२२. चाळिसावा, पाणी १५८. तेलाची जागा कोरी.

पाणी उतरत असताना तेल चढत होते. दोन्ही काटे त्याच्या समोर होते. ज्याला मेंढराच्या कानावरून कळते त्याला हे कळले नसेल असे मला म्हणता येत नाही. मग तो थांबला का नाही?

कागदावर तेलाविषयी एक ओळ नाही.

सोमवार, ता. २१ मे

अप्पांना प्रयोग दाखवला. त्यांनी भाता स्वतः मारला. काटा उतरताना पाहिला. चाळीस वर्षे लोखंडात काढलेला माणूस. दोनदा सांगावे लागले नाही.

“कुणाला बोललीस?”

“नाही.”

“बोलू नको.”

“सिद्धनाथला काटा वाचता आला नाही असे तुम्ही आबासाहेबांना सांगितले. त्याला आला. पाटी आहे.”

“पाटी पूस.”

मी हलले नाही. मग ते ऐरणीवर बसले आणि हळू बोलले. “जगू, त्याचा डोळा तू बोललीस म्हणून परत येणार हाय का? न्हाय. आणि तू बोललीस तर काय हुईल? निंगप्पाच्या शिकलेल्या पोरीनं चुकीचा कागद दिला. गाड्या बंद. अक्कलकोटची माणसं बंद. गडी काय, मेंढरं हाकून जगंल. त्यांची जातच हाय ती.”

“त्याला इंजिन आवाजावरून कळते, अप्पा. तुम्हीच म्हणाला होतात, तुमच्यानंतर तोच.”

“म्हनलो हुतो.” ते उठले. “म्हनूनच तर मला बी झोंबतंय. पन तू माझी पोर हायेस.”

मंगळवार, ता. २२ मे

काही नाही. झाकण साफ केले.

गुरुवार, ता. २४ मे

आबासाहेब शहरात त्यांच्या बंगल्यावर होते. अप्पांना न सांगता गेले. पाटी फडक्यात गुंडाळून, कागद पाकिटात.

त्यांना क्रमाने सांगितले. प्रयोगाचे आकडे दाखवले. म्हणाले, नियम चुकीचा होता आणि तो माझा होता. चालकाने तो अक्षरशः पाळला.

त्यांनी कागद उजेडात धरला. “आणि हे चाक, हा हात, हे तुम्ही काढलंत?”

“हो.”

“छान काढलंय.” ते हसले. मग हसणे गेले. “मिस्त्री म्हणाले गडी अडाणी. गड्यानं दवाखान्यात मला काय सांगितलं माहीत आहे? मी विचारलं, कागदबिगद काही दिला होता का. म्हणाला, कागद न्हवता, माझाच गाढवपना.”

मला हे माहीत नव्हते.

“कागद त्याच्या खिशात असताना तो नव्हता असं का म्हणाला?” त्यांनी विचारले.

“मला माहीत नाही.”

त्यांनी कागदावरची माझी सही पुन्हा वाचली. मी पाटीकडे पाहत होते.

“खरंच माहीत नाही तुम्हाला,” ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता, म्हणून उत्तर दिले नाही.

गाडी ते पुण्याच्या कारखान्यात पाठवणार आहेत. आमच्याकडे पुन्हा येणार नाहीत. परंतु सिद्धनाथबद्दल जे बोलले ते मागे घेतले, आणि तसे सहीनिशी लिहून दिले. मी ते मागितले होते.

मंगळवार, ता. २९ मे

गाडी गेली. तिच्या जागी फरशीवर तेलाचा डाग राहिला आहे. करपलेल्या एरंडेलाचा वास अजून येतो. अव्वा म्हणते तो माझ्या पातळाला आहे. दोनदा धुतले.

अप्पा पाच दिवस बोललेले नाहीत. कामाचे सांगायचे असेल तर दुसऱ्याला सांगतात: “अक्काला म्हणावं पाना दे.” कारखान्यात सगळे मला अक्का म्हणतात. सिद्धनाथ एकटा बाई म्हणायचा. तीन वर्षांत एकदाही त्याच्या तोंडून अक्का आले नाही. त्याचे कारण मी कधी विचारले नव्हते. आज पाना धुताना हे सुचले आणि पुढे काही सुचले नाही. पाना हातात घेऊन किती वेळ उभी होते ते टिपलेले नाही.

अक्कलकोटच्या लोकांपर्यंत काही पोचलेले दिसत नाही. सोमवारी, १८ जूनला, येत आहेत. मुलगा वकील आहे. अव्वाने साखरेचे विचारले, मी म्हणाले, आणा.

बुधवार, ता. ३० मे

जेवण जात नाही. अव्वाला वाटले ताप आहे. “ऊट माड, जगू. जेवून घे, चार घास तरी.” कपाळाला हात लावून म्हणाली, “गार तर आहेस की.”

थर्मामीटर लावला. ९७.६. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. ९७.६.

ताप नाही.

शनिवार, ता. २ जून

तीन पत्रे फाडली. चौथे आज टपालात टाकले. ते वाडीच्या शाळेतले मास्तर त्याला वाचून दाखवणार, केराबाई ऐकणार, शेजारी दोन-चार जण बसणार. त्या बेताने लिहिले आहे. नक्कल:

“सिद्धनाथ यांस,

मोटारीची तपासणी पूर्ण झाली. निष्कर्ष कळवत आहे.

गाडीतले पाणी वाटेत गेले होते. पाणी गेल्यावर काटा उतरतो, तो गाडी गार झाली म्हणून नव्हे. हे मला माहीत असायला हवे होते. नव्हते. तुम्ही मेंढराच्या कानाचे सांगितले होते ते बरोबर होते, आणि मी दिलेले उत्तर चूक होते. कागद चुकीचा होता. तुम्ही चुकला नाहीत. हे वाचणाऱ्याने कृपा करून दोनदा वाचून दाखवावे.

कागद नव्हता असे तुम्ही आबासाहेबांना सांगितलेत. कागद होता. मी तो त्यांना दाखवला आहे. तुमची चूक नसल्याचे त्यांनी लिहून दिले, ते सोबत आहे. जपून ठेवा. कुठल्याही कारखान्यात चालेल.

तुमची चूक झाली असे माझ्या वडिलांनी माझ्यादेखत म्हटले तेव्हा मी गप्प राहिले. तेरा दिवस गप्प राहिले. त्याला कुठलाही तांत्रिक खुलासा नाही.

एक माहिती अपुरी आहे. पाटीवर चाळिसाव्या मैलाला पाण्याचा आकडा तुम्ही लिहिला आहे, तेलाचा लिहिलेला नाही. तो काटा तुमच्या समोर होता. तुम्ही तो पाहिला होता की नाही, आणि पाहिला असेल तर किती होता, हे मला हवे आहे. पाहिला नसेल तर जागा कोरी ठेवा, मी तसे समजेन. पाहून, समजून, तरीही केवळ माझ्या कागदावर सही होती म्हणून तुम्ही पुढे गेला असाल, तर मला तो आकडा कळलाच पाहिजे. ता. १८ रोजी मला घरी एका प्रश्नाला हो किंवा नाही म्हणायचे आहे. या आकड्याशिवाय ते उत्तर देता येणार नाही.

माझा पत्ता घातलेले कोरे कार्ड सोबत आहे. आकडा दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये. तुम्हाला डाव्या हाताने लिहिता येते, पाटी मी जपून ठेवली आहे.

शुक्रवार, ता. १५ जूनपर्यंत उत्तर द्यावे.

जगदेवी निंगप्पा”